उठतो कसा ते बघा

भाच्याचं निदान झाल्यापासून नातेवाईकांत आणि मैत्रिणींत माझं एक नवीनच काम सुरू झालंय, लोक मला बाळांचे व्हिडिओ पाठवतात. "बघ ना गं, हा अजून रांगत नाही", "ही दीड वर्षाची झाली तरी एक शब्द नाही", "हा चवड्यांवर चालतो, सवयच आहे ना?" मी डॉक्टर नाही, थेरपिस्ट नाही, मी एक मावशी आहे जिने ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (भाच्याला झालेला, स्नायू हळूहळू कमजोर करत जाणारा जन्मजात आजार) या विषयावर गरजेपेक्षा जास्त वाचलंय आणि भेटेल त्या डॉक्टरचं डोकं खाल्लंय. दर वेळी तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहून ठेवते.

जवळजवळ सगळे "कधी" विचारतात. कधी बसला, कधी चालला, कधी बोलला. ते चूक नाही पण त्याने अर्धंच कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या (आपला देशही त्यात होता) निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ साली जे आकडे दिले ते बघा, आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, आणि स्वतःचं स्वतः चालणं ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे एक मूल नवव्या महिन्यात चालतं, दुसरं सतराव्या महिन्यात, आणि दोघंही एकदम ठणठणीत. त्याच अभ्यासात ४.३ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, डायरेक्ट उभी राहिली. आता एवढी मोठी खिडकी असल्यावर कुणीही कुणाचीही समजूत काढू शकतं, आणि काढतातच. "त्याचे बाबा पण उशिराच चालले होते", "मुलगे जरा आळशीच असतात", "जाड आहे ना म्हणून". माझा भाचा दीड वर्षाच्या थोडा आधी चालला. बाळाच्या फाइलमध्ये चालण्यासमोर टिक पडली, विषय संपला.

पण तो चालतो *कसा*, जमिनीवरून उठतो *कसा*, जिना चढतो *कसा*, याला त्या फाइलमध्ये रकानाच नव्हता.

ड्युशेनमधलं उठणं एकदा बघितलं की विसरता येत नाही. जमिनीवर बसलेला मुलगा आधी पालथा होतो, हातपाय जमिनीवर टेकून ढुंगण वर काढतो, मग एक हात गुडघ्यावर ठेवतो, मग दुसरा, आणि मग दोन्ही हात मांड्यांवरून वर सरकवत सरकवत स्वतःच्याच पायांवर चढत सरळ होतो. विल्यम गॉवर्स नावाच्या लंडनच्या डॉक्टरने १८७९ मध्ये याचं वर्णन केलं म्हणून याला गॉवर्स साइन म्हणतात. कारण साधं आहे, कमरेचे आणि मांड्यांचे स्नायू शरीर वर उचलायला पुरे पडत नाहीत म्हणून हात ते काम करतात. हे फक्त ड्युशेनमध्येच दिसतं असं नाही, कमरेभोवतीचे स्नायू ज्या ज्या आजारात कमजोर होतात त्यात दिसू शकतं. आणि घाबरून जाण्याआधी हेही वाचा, तीन वर्षांच्या आतली पुष्कळ मुलं उठताना पालथी वळतात, ते नॉर्मल आहे. मांडीवर हात रोवून चढणं नॉर्मल नाही.

बाकीच्या खुणाही अशाच "कसा"वाल्या. जिना चढताना कठडा धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय आणणं, तीस-पस्तीस महिन्यांचा होऊनही दोन्ही पाय एकदम उचलून उडी न मारता येणं, पोट पुढे काढून डुलत चालणं, सारखं पडणं, सोबतची मुलं पळताना हा मागे राहणं. काखेत धरून उचललं तर खांद्यांतून निसटून जाईल असं वाटणं. उताणा झोपलेला असताना डोकं वर उचलून पायाकडे बघता न येणं, ही तर फार लवकर दिसणारी खूण आहे आणि कुणीच बघत नाही. आणि पोटऱ्या! भाच्याच्या पोटऱ्या इतक्या भरदार होत्या की येणारा-जाणारा म्हणायचा हा खेळाडू होणार. त्या पोटऱ्यांत स्नायू कमी आणि त्याच्या जागी साठलेली चरबी आणि तंतू जास्त असतात हे आम्हाला खूप नंतर कळलं.

(सहज आठवलं म्हणून, आजाराला नाव फ्रान्सच्या ड्युशेनचं मिळालं, त्यांचा मोठा लेख १८६८चा, पण त्याआधी १८५२ मध्येच एडवर्ड मेरियन या इंग्लिश डॉक्टरने अशी मुलं नीट वर्णन करून ठेवली होती. हा रोग मज्जारज्जूचा नसून स्नायूचाच आहे आणि मुलग्यांनाच होतोय हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांचं नाव आज कुणाला माहीत नाही.)

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, ड्युशेनमध्ये बोलणं उशिरा येणं हीसुद्धा सुरुवातीची खूण असू शकते. या आजारात जे प्रोटीन नीट बनत नाही ते, डिस्ट्रॉफिन, फक्त स्नायूत नसतं, मेंदूतही असतं. त्यामुळे काही मुलांची गाडी आधी स्पीच थेरपिस्टकडे जाते, काहींना ऑटिझम किंवा एडीएचडीचं लेबल लागतं (ते खरंही असू शकतं, या मुलांत त्याचं प्रमाण जास्त असतं) आणि पायांकडे बघायचं राहून जातं. म्हणून मुलगा उशिरा बोलतोय *आणि* उशिरा चाललाय किंवा सारखा पडतोय, असं दोन्ही असेल तर एक रक्ततपासणी मागून घ्या, सीपीके, म्हणजे स्नायू फुटले की रक्तात येणारं एक एन्झाइम. साधी तपासणी आहे, कुठल्याही बऱ्यापैकी लॅबमध्ये होते. नॉर्मल आकडा साधारण दोनशेच्या आसपासपर्यंत असतो. ड्युशेनच्या लहान मुलात तो हजारांत असतो, दहा हजार, वीस हजार, आणि तो जन्मापासूनच तसा असतो, म्हणजे मूल अजून बसायलाही लागलेलं नसतं तेव्हापासून रक्तात ही गोष्ट लिहिलेली असते. तरी जगभरात बऱ्याच ठिकाणी निदान होईपर्यंत मूल चार-पाच वर्षांचं झालेलं असतं. आमचंही त्याच वयात झालं. मला या एका गोष्टीचा जितका राग येतो तितका दुसऱ्या कशाचा येत नाही. थोडा वाढलेला सीपीके मात्र जोरात पडण्याने, इंजेक्शनने, खूप दमण्यानेही येतो, तेव्हा काही दिवसांनी परत करायला सांगतात. आणि सीपीके नॉर्मल आला म्हणून सगळेच स्नायूंचे आजार गेले असंही नाही, ते पुढे लिहिते.

लिव्हरचा घोळ तर वेगळाच. भाच्याला ताप आला होता तेव्हा केलेल्या रक्तात एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेले आले, आणि मग लिव्हरची शोधाशोध सुरू, सोनोग्राफी, कावीळीच्या टेस्ट, परत रक्त, परत तेच. ही दोन एन्झाइम्स लिव्हरसारखीच स्नायूतही असतात, स्नायू फुटत राहिले की ती रक्तात येतात. काही मुलांची तर लिव्हर बायोप्सीपर्यंत मजल जाते. जीजीटी नावाचं एन्झाइम स्नायूतून येत नाही, त्यामुळे एसजीपीटी वाढलंय पण जीजीटी आणि बिलिरुबिन नॉर्मल आहे असं दिसलं की सीपीके करायलाच हवं. आमच्याकडे शेवटी एका तरुण डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला, भाच्याला म्हणाल्या जमिनीवर बस, आता उठ. एवढंच. त्यांचा चेहरा बघून ताईला कळलं की काहीतरी आहे.

"पण बरा होत नाही ना, मग लवकर कळून काय उपयोग?" हे भाऊजींनी विचारलं होतं आणि प्रश्न रास्त होता. तर उपयोग असा. स्टेरॉइड कधी सुरू करायचं हे ठरवता येतं, त्यामुळे चालणं काही वर्षं जास्त टिकतं आणि हृदय-फुप्फुसांनाही फायदा होतो. स्टेरॉइड सुरू व्हायच्या आधी लाइव्ह लसी उरकता येतात. घोट्यांचं स्ट्रेचिंग सुरू होतं. उड्या मारणं, ट्रॅम्पोलिन, पुन्हा पुन्हा जिने उतरणं असले प्रकार "व्यायाम होईल" म्हणून करायला लावले जात नाहीत, कारण त्याने हे स्नायू उलट जास्त फाटतात. आणि भुलीचा मुद्दा, हा प्रत्येकाने वाचावा. ड्युशेनच्या मुलाला सक्सिनिलकोलीन (भूल देताना स्नायू सैल करायचं औषध) द्यायचं नसतं आणि हुंगून द्यायच्या भुलीचे गॅसही टाळतात, पोटॅशियम एकदम वाढून हृदय बंद पडू शकतं. आता विचार करा, निदान झालेलं नाही, मूल चवड्यांवर चालतंय म्हणून कुणी टाचेच्या शिरेचं ऑपरेशन ठरवलं, किंवा साधं टॉन्सिलचं. आईबापांना माहीतच नाही तर ते सांगणार काय.

ड्युशेनवर फार लिहिलं, घरचा विषय आहे. पण लोक जे व्हिडिओ पाठवतात त्यात तान्ही बाळंच जास्त असतात.

तान्ह्या बाळात सगळ्यात घाईची गोष्ट म्हणजे ढिलेपणा, डॉक्टर फ्लॉपी बेबी म्हणतात. उचललं की हातपाय लोंबतात, मान धरत नाही, उताणं ठेवलं की पाय बेडकासारखे बाहेर फाकलेले. याची कारणं ढीगभर आहेत आणि बरीचशी मेंदूकडची असतात, डाउन सिंड्रोम, जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडणं, थायरॉइड कमी असणं. पण बाळ ढिलं आहे आणि चेहरा मात्र एकदम तरतरीत, डोळे टक्क उघडे, तुमच्याकडे बघून हसतंय, आणि पाय मात्र हलवत नाही, तर थांबायचं नाही. स्पायनल मस्क्युलर अट्रॉफी म्हणजे एसएमए (स्नायू चालवणाऱ्या मज्जारज्जूतल्या नसपेशी मरत जाणारा आजार) असंच दिसतं. श्वास घेताना छाती आत जाते आणि पोट वर येतं, रडणं बारीक, दूध पिताना दमतं, जीभ तोंडात आत असतानाही बारीक थरथरते, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही. इथे सीपीके बहुधा नॉर्मल किंवा जेमतेम वाढलेला, म्हणून मघाशी म्हटलं की त्याच्यावर थांबू नका. टेस्ट वेगळी असते, एसएमएन१ या जीनची, हा जीन १९९५ मध्ये सापडला, आणि साधारण ९५ टक्के मुलांत त्याच्या एका ठरावीक तुकड्याच्या दोन्ही प्रती गायब असतात. रक्त पाठवलं की बायोप्सीबियॉप्सी न करता उत्तर येतं. साधारण दहा हजार बाळांत एकाला हा आजार असतो.

घाई यासाठी की आता औषधं आहेत. नुसिनर्सेनला अमेरिकेत २०१६ च्या शेवटी परवानगी मिळाली, जीन थेरपीला २०१९ मध्ये, तोंडाने घ्यायच्या रिस्डिप्लामला २०२० मध्ये. आणि ही औषधं मेलेल्या नसपेशी परत आणत नाहीत, उरलेल्या वाचवतात. गंभीर प्रकारात पहिल्या काही महिन्यांतच बऱ्याचशा पेशी जातात. लक्षणं दिसायच्या आधी औषध मिळालेली बाळं बसली, त्यातली बरीच चाललीसुद्धा, त्यांच्यासारख्याच आजाराची बाळं पूर्वी दोन वर्षांची व्हायच्या आत जायची. म्हणून काही देशांत जन्मल्या जन्मल्या टाचेतून रक्त घेऊन हे तपासतात. "सहा महिन्यांनी दाखवा, मान धरेल हळूहळू" हे वाक्य अशा बाळासाठी किती महाग आहे.

आणखी एक तपासणी मला फार आवडते, तिला मशीन लागत नाही. ढिलं बाळ आणलं तर अनुभवी न्यूरॉलॉजिस्ट आईशी हात मिळवतात आणि म्हणतात आता हात सोडा. आईला मूठ पटकन सोडता येत नसेल तर तिला स्वतःलाच मायोटॉनिक डिस्ट्रॉफी असू शकते, सौम्य, तिला कधी कळलेलीही नसते, आणि बाळात तीच गंभीर रूपात उतरते. बाळाचं उत्तर आईच्या मुठीत!

सेरेब्रल पाल्सी (सीपी), म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडणं, याबद्दल लोकांची समजूत अशी की दोन वर्षं झाल्याशिवाय सांगता येत नाही. हे आता जुनं झालं. बाळ तीन ते पाच महिन्यांचं असताना मान, हात, पाय यांच्या सतत चालणाऱ्या बारीक गोलसर हालचाली असतात, फिजेटी मूव्हमेंट्स, हाइन्झ प्रेख्टल या डॉक्टरांनी त्यावर आयुष्य घालवलं. बाळ जागं आणि शांत असताना उताणं ठेवून काही मिनिटांचा व्हिडिओ काढायचा आणि ट्रेनिंग घेतलेल्या माणसाने तो बघायचा, त्या हालचाली नसतील तर ती मोठी धोक्याची खूण. त्याच्या जोडीला हाइन नावाची बाळाच्या मज्जासंस्थेची ठरीव तपासणी आणि एमआरआय, असं केलं तर सहा महिन्यांच्या आतसुद्धा बऱ्याच बाळांत सांगता येतं. घरी दिसण्यासारख्या खुणा म्हणजे चार महिन्यांनंतरही मुठी कायम आवळलेल्या, उभं धरलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर, आणि वर्षाच्या आतच एकच हात वापरणं. या शेवटच्यावर घरात कौतुक होतं, "डावखुरा आहे बरं का!" वर्षाच्या आतलं बाळ डावखुरं-उजवं काही नसतं, ते एक हात वापरतंय म्हणजे दुसरा वापरत नाहीये, आणि का ते शोधायचं असतं. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय मात्र डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून मोजा, दोन महिने आधी आलेल्याकडून दोन महिने उशिराचीच अपेक्षा ठेवा.

आणि सीपीचं लेबल लागलं तरी प्रश्न विचारणं सोडू नका. सीपी म्हणजे मेंदूला झालेली इजा, ती वाढत जात नाही. जन्माच्या वेळी काही झालेलं नाही, एमआरआय स्वच्छ आहे, आणि मूल हळूहळू जास्त बिघडतंय, किंवा सकाळी झोपून उठल्यावर बरं चालतं आणि संध्याकाळपर्यंत पाय वाकडे पडायला लागतात, तर न्यूरॉलॉजिस्टला डोपा-रिस्पॉन्सिव्ह डिस्टोनियाबद्दल विचारा. सेगावा डिसीज पण म्हणतात. दुर्मिळ आहे, पण लेव्होडोपाच्या छोट्याशा डोसने अशी मुलं अक्षरशः उठून चालायला लागतात, आणि काहींनी त्याआधी कित्येक वर्षं सीपी म्हणून काढलेली असतात.

ऑटिझमवर इतरांनी भरपूर लिहिलंय, मी थोडक्यात. इथेही शब्द किती येतात यापेक्षा मूल संवाद करतं कसं ते बघा. हवी ती वस्तू दाखवायला बोट करणं एक, आणि "ते बघ विमान!" म्हणून तुम्हाला दाखवायला बोट करणं वेगळं, दुसरं जास्त महत्त्वाचं. वर्षाचं झालं तरी नावाला वळून बघत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एक शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःचे दोन शब्द जोडत नाही, तर आधी बेरा टेस्ट करून कान तपासा आणि मग डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन. एम-चॅट ही वीस प्रश्नांची यादी सोळा ते तीस महिन्यांसाठी आहे, ती चाळणी आहे, निदान नाही. रक्तात, एमआरआयमध्ये ऑटिझम दिसत नाही, बसून बघावंच लागतं. "मोबाईल बंद करा, होईल ठीक" असं कुणी म्हटलं तर मोबाईल जरूर बंद करा पण अपॉइंटमेंट रद्द करू नका. आणि कुठल्याही वयात, कुठल्याही मुलाचं, आलेलं कौशल्य *गेलं*, शब्द येत होते ते बंद झाले, हाताने पकडायची ती पकडेनाशी झाली, तर महिनाभर बघू वगैरे अजिबात नाही. मुलगी असेल, हात सारखे पिळत असेल आणि डोक्याची वाढ मंदावली असेल तर रेट सिंड्रोम हा आजार डोक्यात येतो, त्याचा जीन १९९९ मध्ये सापडला.

आता जीन टेस्ट, कारण इथे लोकांचे फार पैसे आणि महिने वाया जातात. "सगळे जीन्स बघणारी मोठी टेस्ट करून टाका" म्हणून एक्सोम करतात आणि निगेटिव्ह आलं की निर्धास्त होतात. डिस्ट्रॉफिनचा जीन माणसातल्या सगळ्यात लांब जीन्सपैकी एक, ७९ एक्सॉन (जीनचे कामाचे तुकडे), आणि ड्युशेनच्या साधारण दोन तृतीयांश मुलांत त्यातला एखादा अख्खा तुकडा गळालेला असतो, काहींत दुप्पट झालेला. हे पकडायला एमएलपीए ही टेस्ट आधी करतात, तिच्यात सापडलं नाही तर मग सिक्वेन्सिंग, म्हणजे जीन अक्षर न अक्षर वाचणं. नेहमीच्या एक्सोममध्ये असे तुकडे निसटू शकतात, एसएमए निसटू शकतो, मायोटॉनिक डिस्ट्रॉफी तर बहुधा निसटतेच. म्हणून डॉक्टरांना कशाचा संशय आहे ते आधी ठरवून मग टेस्ट. एक्सॉन म्हणजे रेल्वेचे डबे समजा, मधले काही डबे काढल्यावर उरलेले एकमेकांना जोडता आले तर गाडी कमी लांबीची का होईना पण चालते, तो बेकर नावाचा सौम्य प्रकार, आणि कपलिंग जुळलंच नाही तर ड्युशेन. कुठले नंबर गेलेत यावर पुढची काही औषधं लागू पडणार की नाही हे ठरतं, त्यामुळे तो रिपोर्ट फोटो काढून, प्रिंट काढून, मेल करून, तीन जागी ठेवा.

व्हिडिओचं पण सांगते, कारण डॉक्टरांसमोर मुलं रडतात नाहीतर आईला चिकटून बसतात. आडवा फोन, पूर्ण शरीर फ्रेममध्ये, चड्डीवर, अनवाणी. जमिनीवरून उठताना, जिना चढताना, पळताना. समोरून नाही, बाजूने आणि मागून. उठताना हात द्यायचा नाही, "शाब्बास शाब्बास" करून खेळणं दाखवायचं नाही. एवढं करून नेलं की दहा मिनिटांच्या भेटीतही काम होतं.

राहिला घरातल्यांचा विषय. ड्युशेनचा जीन एक्स गुणसूत्रावर, म्हणून आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला आजाराची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी. साधारण एक तृतीयांश मुलांत बदल नवीनच झालेला असतो, आईच्या रक्तात सापडत नाही, तरी पुढच्या गरोदरपणात धोका अगदी शून्य मानत नाहीत कारण तो बदल फक्त काही बीजांडांतच असू शकतो. ताईच्या रक्तात सापडला. ती महिनाभर कुणाशी बोलली नाही. मग रांग आईची आणि माझी, मावश्यांची टेस्ट सोपी असते, अख्खा जीन नाही, फक्त तो घरातला बदल आहे का एवढंच बघतात. माझा रिपोर्ट काय आला ते मी इथे लिहिणार नाही, कारण त्यात माझ्या मुलीचंही खासगी काहीतरी आहे. तिची टेस्ट आत्ता करायची का असं मी विचारलं तेव्हा जेनेटिक काउन्सेलर म्हणाल्या, तिला काही त्रास नाही ना, मग ती मोठी होऊन समजून उमजून स्वतः ठरवेल, तोपर्यंत तिला थोडं थोडं सांगत राहा. वाहक बायकांचं मात्र कुणी सांगत नाही ते हे की त्यांच्या हृदयाच्या स्नायूवरही परिणाम होऊ शकतो, अंगात ताकद पूर्ण असली तरी. त्यामुळे ताईचा इको झाला, नॉर्मल आला, आता तीन ते पाच वर्षांनी पुन्हा करायचाय, आणि तिच्या कॅलेंडरमध्ये तो मी टाकून ठेवलाय कारण ती फक्त मुलाच्याच तारखा लक्षात ठेवते.